टर्बो गाडीला एक्झॉस्ट निवडताना: ताकद पाइपच्या कोणत्या टोकाला असते आणि आवाज कोणत्या

आता एक लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनालासुद्धा टर्बो असतो, त्यामुळे पूर्वी फक्त रेसिंगवाल्या पोरांना पडायचा तो प्रश्न आता साध्या गाडीवाल्यालाही पडतो, की एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा जळालेला गॅस मागे नेणारा पाइप आणि सायलेन्सर, बदलू का आणि बदलला तर कुठला टाकू. विचारायला गेलात की एकजण सांगतो डोळे झाकून तीन इंची पाइप टाक, दुसरा म्हणतो बॅकप्रेशर गेलं की खालचा टॉर्क (इंजिन हळू फिरतानाची ओढ) मेला समज, तिसरा म्हणतो काही नको रे नुसता मागचा डबा काढून टाक गाडी पळायला लागेल. तिघंही ठामपणे बोलतात आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नाही, मग माणूस शेवटी ज्याचा आवाज व्हिडिओत भारी वाटला तो एक्झॉस्ट घेऊन मोकळा होतो.

या गोंधळाचं कारण असं की एक्झॉस्टबद्दल जे काही ऐकीव ज्ञान फिरतं ते बरंचसं बिनटर्बोच्या इंजिनांवरून आलंय, आणि टर्बो मध्ये आला की त्यातलं अर्धं लागूच होत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना सोपं जाईल: टर्बो गाडीत ताकद टर्बोच्या तोंडाशी असते आणि आवाज शेपटाशी असतो, आणि आपण पैसे बहुतेक वेळा शेपटाशी घालून ताकदीची अपेक्षा करतो.

टर्बो करतो काय

सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळालेला गॅस प्रचंड गरम असतो, पेट्रोल इंजिनात फुल लोडवर ९०० डिग्री सेल्सियसच्याही वर जातो, आणि त्यात दाबही असतो. साध्या इंजिनात ही सगळी ऊर्जा सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोमध्ये हा गॅस एका छोट्या चाकावर सोडतात, त्याला टर्बाइन म्हणतात, ते चाक ज्या दांड्यावर असतं त्याच्याच दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा आत गेली की जास्त इंधन जाळता येतं, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. ही हवा वातावरणापेक्षा जितक्या जास्त दाबाने आत जाते त्याला बूस्ट म्हणायचं. कल्पना जुनी आहे, आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, आणि विक्रीच्या मोटारीत ती १९६२ ला आली, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉरव्हेअर मॉन्झा स्पायडर या दोन गाड्यांत. छोट्या गाड्यांमधले आजचे टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतात.

आता महत्त्वाची गोष्ट. टर्बाइन फिरतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकामुळे. भिरभिरं हातात धरून त्यावर फुंकर मारा, छान फिरतं, आता त्याच्या मागे तळहात जवळ आणून फुंका, फुंकर तेवढीच असली तरी भिरभिरं मंदावतं कारण हवेला मागून निघून जायला जागा नाही. टर्बाइनच्या मागे अरुंद किंवा तुंबलेला पाइप म्हणजे तो तळहात.

आणि हा तळहात जितका दिसतो त्यापेक्षा जास्त नडतो, ते थोड्या आकड्यांत बघू. समजा टर्बाइनच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, २.४ बार दाब आहे आणि मागे १.२ बार (वातावरणाचा दाब साधारण १ बार धरून हे एकूण दाब आहेत). म्हणजे गुणोत्तर झालं दोन. आता पाइप मोकळा केला आणि मागचा दाब १.२ वरून १.१ झाला. तेवढंच काम करून घ्यायला टर्बाइनला तेच दोनचं गुणोत्तर पुरतं, म्हणजे पुढे आता २.२ बार पुरे. मागे ०.१ कमी केलं आणि इंजिनावरचा दाब ०.२ ने कमी झाला, दुप्पट. इंजिनाला गॅस बाहेर ढकलायला कमी जोर लागतो, शिवाय सिलिंडरमध्ये जुना गरम गॅस कमी उरतो त्यामुळे नॉकिंगचा, म्हणजे इंधन चुकीच्या वेळी आपोआप पेटण्याचा, धोकाही कमी होतो. टर्बो इंजिनात एक्झॉस्टला एवढं महत्त्व का, त्याचं उत्तर या छोट्याशा गणितात आहे.

'पण थोडं बॅकप्रेशर लागतंच ना?'

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून आधी हाच. बॅकप्रेशर म्हणजे गॅस बाहेर जाताना पाइपने केलेला उलटा विरोध. तो कुठल्याच इंजिनाला 'लागत' नाही. बिनटर्बोच्या इंजिनात काय होतं की गॅस सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि पाइपची जाडी आणि लांबी बरोबर असेल तर एका सिलिंडरचा धक्का पुढे जाताना मागे जी पोकळी सोडतो ती पुढच्या सिलिंडरचा गॅस ओढून घ्यायला मदत करते. पाइप फार मोठा केला की गॅसचा वेग पडतो, ही ओढ जाते, आणि खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) टॉर्क कमी वाटतो. लोकांनी हे बघितलं आणि म्हणाले बॅकप्रेशर गेलं म्हणून टॉर्क गेला. अनुभव खरा होता पण कारण चुकीचं लावलं, गेला होता तो वेग.

टर्बो इंजिनात हे धक्के टर्बाइनवर आपटून बरेचसे सपाट होतात, टर्बाइनच्या मागे गॅस जवळजवळ सलग वाहतो, तिथे धक्क्यांच्या जोरावर ओढून घेण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून टर्बाइनच्या मागे विरोध जितका कमी तितकं चांगलं, बूस्ट लवकर येतो आणि खालचा टॉर्क उलट सुधारतो. टर्बाइनच्या पुढे मात्र, म्हणजे सिलिंडरांचा गॅस गोळा करून टर्बोला देणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, वेग आणि धक्के दोन्ही सांभाळावे लागतात, तिथे उगीच मोठे पाइप टाकले तर टर्बो आळशी होतो. त्यामुळे साध्या रस्त्यावरच्या गाडीत मॅनिफोल्डला हात लावायची बहुतेकांना गरज नसते, आणि बऱ्याच नव्या इंजिनांत तो हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातच, ओतलेला असतो, वेगळा निघतच नाही.

पाइपच्या कुठल्या भागाला काय म्हणतात

टर्बोला चिकटून खाली उतरतो तो डाउनपाइप. त्यातच किंवा त्याला लागून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याला सगळे कॅट म्हणतात, विषारी गॅस साफ करणारा डबा. बऱ्याच नव्या डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) पेट्रोल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही असतो. मग मधला पाइप, त्यावर बहुधा रेझोनेटर, म्हणजे ठराविक सूर मारणारा छोटा डबा, मग मागचा मोठा सायलेन्सर आणि शेवटी टिप.

विकताना याचे तीन संच करतात. फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर अ‍ॅक्सल-बॅक, कॅटच्या मागचं सगळं बदललं तर कॅट-बॅक, टर्बोपासून सगळं बदललं तर टर्बो-बॅक. पुढचं सगळं बोलणं या तीन शब्दांवर आहे.

मागचा डबा बदलून गाडी पळते का?

आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी जोरात वाटते, हे खरंच होतं, पण घड्याळ लावलं तर फरक दिसत नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं, अडथळा तिथे नसतो. गॅस सगळ्यात गरम आणि म्हणून सगळ्यात फुगलेला टर्बोच्या तोंडाशी असतो. तिथे समजा ८०० डिग्री आहे आणि मागे जाईपर्यंत ४०० झाला, तर तेवढ्याच गॅसने व्यापलेली जागा एक तृतीयांशाहून जास्त कमी होते. म्हणजे सगळ्यात जास्त जागा पुढे लागते, आणि कंपनीने नेमका तिथेच, बोनेटखाली जागा नसल्यामुळे, अरुंद वळण आणि बारीक जाळीचा कॅट बसवलेला असतो. मागच्या डब्यापर्यंत गॅस थंड होऊन आटोपशीर झालेला असतो.

दुसरं कारण ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटर. त्याला एक बूस्ट ठरवून दिलेला असतो आणि तो वेस्टगेट उघडझाप करून तेवढाच ठेवतो. वेस्टगेट म्हणजे टर्बाइनला वळसा घालून गॅस सोडणारी झडप, बूस्ट हवा तेवढा झाला की ती उघडते. तुम्ही पाइप मोकळा केला, टर्बो सहज फिरायला लागला, ईसीयू बघतो की ठरलेला बूस्ट लवकर आला, आणि तो वेस्टगेट थोडं जास्त उघडून परत जिथल्या तिथे आणून ठेवतो. इंजिनाला थोडा आराम मिळतो, बूस्ट किंचित लवकर येतो, पण मोठी ताकद हवी तर ईसीयूचा प्रोग्राम बदलावाच लागतो, ज्याला रिमॅप किंवा ट्यून म्हणतात.

म्हणून जो माणूस विचारतो 'ट्यून करणार नाही, फक्त एक्झॉस्ट टाकायचाय' त्याला माझं सरळ सांगणं असतं की मग आवाज आवडतो म्हणून कॅट-बॅक घे, खुशाल घे, पण ताकद वाढेल म्हणून घेऊ नकोस. आवाजासाठी खर्च करण्यात काही गैर नाही, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

डाउनपाइप, जिथे खरा फरक पडतो

टर्बोमधून गॅस सरळ निघत नाही, भोवऱ्यासारखा गरगरत निघतो, आणि वेस्टगेट उघडं असेल तर त्याच्या शेजारच्या भोकातून दुसरा झोत आडवा येऊन त्यात घुसतो. कंपनीच्या डाउनपाइपमध्ये हे सगळं एका चिंचोळ्या तोंडात एकमेकांवर आदळतं. चांगल्या डाउनपाइपचं तोंड घंटेसारखं रुंद असतं आणि मग हळूहळू निमुळतं होतं, म्हणजे दोन्ही झोतांना जागा मिळते. काही डिझाइनमध्ये वेस्टगेटचा झोत वेगळ्या नळीतून नेऊन थोडा पुढे जोडतात. बघताना टिपची चमक बघण्यापेक्षा हे तोंड बघा, फ्लँजला (जोडाच्या सपाट पट्टीला) पाइप जिथे वेल्ड केलाय तिथे आतल्या बाजूने कडा बाहेर आलीय का, वेल्डचा थर आत लोंबतोय का, पहिलं वळण किती तीव्र आहे.

इथे एक धोका आहे जो विकणारे क्वचित सांगतात. कंपनीचं वेस्टगेट कंपनीच्या पाइपच्या हिशेबाने लहान ठेवलेलं असतं. मागे खूप मोकळं केलं की टर्बाइन एवढं सहज फिरतं की वेस्टगेट पूर्ण उघडूनही पुरेसा गॅस वळवता येत नाही आणि बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर हळूहळू चढत जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. थंडीत हवा दाट असते तेव्हा हे जास्त दिसतं. ईसीयू सहसा इंधन किंवा थ्रॉटल (हवेची झडप) तोडून इंजिन वाचवतो, गाडीला एकदम ब्रेक लागल्यासारखा झटका बसतो, पण त्या भरवशावर रोज चालवायची गोष्ट नाही ही. म्हणून डाउनपाइप आणि ट्यून एकत्रच करायचे, आणि ट्यूनवाल्याकडून बूस्टचा लॉग (गाडी चालतानाची नोंद) काढून घ्यायचा, ठरवलेला बूस्ट आणि प्रत्यक्षातला बूस्ट या दोन रेषा वरच्या आरपीएमलाही एकमेकींना धरून चालल्या पाहिजेत.

कॅट काढून टाकला तर काय बिघडतं?

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण या बाबतीत सगळ्यात वाईट सल्ले मिळतात.

कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप असतो. पेट्रोल गाडीतला कॅट तीन कामं करतो, जीव घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेलं इंधन जाळतो, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तोडून साधा नायट्रोजन करतो. तो काढला तर हे सगळं तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या आणि फुटपाथवरून चालणाऱ्या पोरांच्या नाकात जातं. रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, पण ते नसतं तरी माझं मत हेच राहिलं असतं.

बरं, काढून फायदा किती? चांगल्या स्पोर्ट कॅटच्या तुलनेत फारच थोडा. एका चौरस इंचात किती छिद्रं यावर कॅट मोजतात, कंपनीचे साधारण ४०० ते ६०० किंवा त्याहूनही बारीक असतात, स्पोर्ट कॅट २०० चे मिळतात, त्यांचं अंग पातळ धातूच्या पत्र्याचं असतं त्यामुळे गॅसला वाट मोकळी मिळते. डाउनपाइपचा बहुतेक फायदा तोंड आणि जाडीतून येतो, तो २०० चा कॅट ठेवूनही मिळतो. शिवाय कॅट नसेल तर आवाज कर्कश होतो, इंधनाचा वास येतो, आणि बूस्ट क्रीपची शक्यता वाढते.

मग चेक इंजिन लाइटचं काय? कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. नंतरचा सेन्सर कॅट काम करतोय का ते बघतो, आणि दोन्हींचं वाचन सारखं यायला लागलं की दिवा लागतो, कोड बहुधा पी ०४२० येतो. हा कोड स्वस्त स्पोर्ट कॅटवरही येतो, कारण त्यात लेपाचे धातू नावापुरते असतात, सुरुवातीला चालतो आणि मग दमतो. कॅट टर्बोपासून फार लांब बसवला तरी अडचण होते, कारण तो साधारण २५० ते ३०० डिग्रीला गेल्याशिवाय कामाला लागत नाही आणि लांब बसवला की तापायलाच उशीर. सेन्सरला लांब करणारा छोटा तुकडा लावून दिवा विझवण्याची युक्ती सर्रास सांगतात, त्याने फक्त सेन्सर फसतो, धूर तोच राहतो. मी ती कुणालाच सुचवत नाही.

आणि ते फटाके, पाय काढल्यावर फटफट आवाज. ट्यूनमध्ये ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून इंधन एक्झॉस्टमध्ये जाळतात तेव्हा तो आवाज येतो. ती आग टर्बाइनच्या चाकाला आणि कॅटच्या जाळीला भाजते. कॅटची जाळी तुटली की तुकडे पुढे जाऊन सायलेन्सर तुंबवतात, म्हणजे ज्या मोकळेपणासाठी एवढं केलं तेच गेलं. नका करून घेऊ.

किती इंची?

पाइपचा व्यास थोडा वाढला तरी क्षेत्रफळ बरंच वाढतं. अडीच इंचाचं क्षेत्रफळ ४.९ चौरस इंच, तीन इंचाचं ७.१, म्हणजे ४४ टक्के जास्त. आणि तेवढाच गॅस वाहत असेल तर सरळ पाइपातला विरोध निम्म्याहूनही कमी होतो. त्यामुळे 'तीनच टाक' म्हणणारा अगदीच चुकीचा नसतो, पण तो गाडी कुठली आहे ते विचारत नाही. शंभर-सव्वाशे एचपीच्या छोट्या इंजिनाला दोन-सव्वादोन इंच पुरतो, तिथे तीन इंच टाकून कमी करायला विरोधच उरलेला नसतो, फक्त वजन वाढतं, गाडीखाली जागा जाते आणि आवाज ढोलासारखा घुमायला लागतो. अडीचशे-तीनशे एचपीपर्यंत अडीच इंच व्यवस्थित चालतो, त्याच्या वर तीन इंच. हे ठोकताळे आहेत, गाडीनिहाय थोडं इकडेतिकडे होतं.

गॅस मागे जाताना आकसतो हे वर सांगितलंच, म्हणून पुढे तीन इंची डाउनपाइप आणि मागे अडीच इंची कॅट-बॅक ही जोडी विसंगत वाटली तरी बऱ्याच गाड्यांत शहाणपणाची असते, उलटी जोडी मात्र निरर्थक.

अंदाजावर राहायचं नसेल तर मोजता येतं. कॅटच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी तात्पुरती धातूची नळी आणि दाबमापक लावून फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमला टर्बोमागचा दाब बघता येतो, हे काम डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशिनवर) जाणकाराकडूनच करून घ्या. आकडा वातावरणाच्या जरासाच वर असेल तर नवीन पाइपने काही मिळणार नाही, बराच वर असेल तर मिळेल. यापेक्षा सोपं म्हणजे ओबीडी लॉगमध्ये (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून काढलेल्या नोंदीत) वेस्टगेटचा ड्यूटी आकडा बघणं, म्हणजे बूस्ट धरून ठेवायला ईसीयू वेस्टगेटला किती दाबून ठेवतोय. एक्झॉस्ट बदलल्यावर तोच बूस्ट कमी ड्यूटीत मिळाला तर पाइप खरंच मोकळा झाला. हे मी जो भेटेल त्याला सांगतो कारण गाडी कितीही जोरात वाटली तरी हा आकडा कानाच्या भरवशावर नसतो.

आवाज, ज्याचा विचार सगळे शेवटी करतात

टर्बाइन स्वतःच आवाज बराच खातं, त्यामुळे टर्बो गाडीला बिनटर्बोपेक्षा कमी सायलेन्सर पुरतो. सायलेन्सर दोन जातीचे. एकात कप्पे असतात, आवाज त्यात उलटसुलट फिरून स्वतःलाच मारतो, हा शांत असतो पण गॅसलाही फिरावं लागतं. दुसऱ्यात छिद्रांचा पाइप आरपार जातो आणि भोवती काचतंतू किंवा तसलं काही भरलेलं असतं, गॅस सरळ जातो आणि तीक्ष्ण सूर भरणात जिरतात. टर्बोला दुसरा बरा, फक्त त्यातलं भरण काही वर्षांत जळतं किंवा उडून जातं आणि आवाज वाढत जातो, म्हणून भरण बदलता येणारा मिळाला तर उत्तम.

खरा त्रास असतो ड्रोनचा. ड्रोन म्हणजे ठराविक आरपीएमला केबिनमध्ये येणारी ती जड घरघर, डोकं धरायला लावणारी. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा पेटतं, म्हणजे २१०० आरपीएमला सेकंदाला ७० ठोके, ७० हर्ट्झ. तीन सिलिंडरला २००० आरपीएमवर ५० हर्ट्झ. एवढा खालचा सूर सायलेन्सरच्या भरणात जिरत नाही, आणि केबिनचा पत्रा त्याला साथ द्यायला लागतो. आणि आरपीएम कुठली तर नेमकी तीच ज्यावर आपण हायवेला तासन्‌तास एका वेगाने जातो. व्हिडिओमध्ये फुल थ्रॉटलचा आवाज ऐकवतात, मायक्रोफोन गाडीच्या मागे ठेवून, त्यातून ड्रोन कळणं अशक्य आहे. म्हणून तोच एक्झॉस्ट लावलेल्या तुमच्याच मॉडेलच्या गाडीत बसून टॉप गिअरमध्ये रोजच्या वेगाने जाऊन बघा, आणि मागच्या सीटवरही बसा कारण घरचे तिथे बसणार आहेत.

ड्रोनवर उपाय आहे. मुख्य पाइपाला एक बंद टोकाची नळी जोडतात, तिची लांबी त्या सुराच्या लहरीच्या पाव असली की आत जाऊन परत आलेली लहर बरोबर उलटी येते आणि सूर मरतो. गरम गॅसमध्ये ध्वनी जास्त वेगाने जातो, साधारण २०० डिग्रीला सेकंदाला ४३५ मीटर धरला तर ७० हर्ट्झसाठी दीड मीटरच्या थोडी जास्त नळी लागते. एवढी जागा गाडीखाली प्रत्येक वेळी नसते, पण जिथे बसते तिथे ताकदीचं काहीच नुकसान न होता शांतता मिळते. रेझोनेटर काढून टाकण्याची घाई मात्र करू नका, रेझोनेटरही आरपार पाइपाचा असेल तर विरोध नगण्य असतो आणि आवाजाचा कर्कशपणा तोच कमी करत असतो. झडपवाले एक्झॉस्टही मिळतात, बटण दाबलं की मोठे, नाहीतर शांत, पहाटे सोसायटीतून बाहेर पडायचं असेल तर यासारखी सोय नाही.

डेसिबलचा आकडा फसवा असतो हेही सांगतो, १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट आणि कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज. त्यामुळे '५-६ डेसिबलच जास्त' यातला 'च' फार विश्वासाचा नाही.

स्टील आणि वळणं

वळण मँड्रेलवर काढलेलं असावं, म्हणजे वाकवताना पाइपच्या आत आधार देतात आणि व्यास तसाच राहतो. नुसतं दाबून वाकवलेल्या पाइपला आतल्या बाजूने सुरकुत्या पडतात आणि तीन इंची पाइप वळणावर अडीचही राहत नाही.

स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ हे दोन ग्रेड जास्त दिसतात. ४०९ ला लोहचुंबक चिकटतं, त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं, वरून थोडा तांबूस होतो पण टिकतो, बऱ्याच कंपन्यांचे मूळ पाइप याच घराण्यातल्या स्टीलचे असतात. ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास, गंजाला जास्त दाद देत नाही, पण तापल्यावर जास्त वाढतो. दोन मीटरचा ३०४ चा पाइप ४०० डिग्रीने तापला तर साधारण साडेतेरा मिलिमीटर लांब होतो. म्हणून लवचिक जाळीचा तुकडा आणि रबरी हँगर लागतातच, सगळं कडक वेल्ड करून टाकलेला पाइप कुठेतरी तडकतो, आणि बहुतेक वेळा टर्बोच्या फ्लँजपाशी. टायटॅनियमचं वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडंच जास्त, सुंदर असतो, पण रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

तत्त्व तेच, पण डिझेलमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ असतो आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या दाबावर गाडी लक्ष ठेवून असते. तो काढून सरळ पाइप टाकला की काळा धूर आणि कायद्याचं लचांड दोन्ही मागे लागतात. डीपीएफ तुंबत असेल तर तो का तुंबतोय ते शोधा, बहुतेक वेळा रोज छोटे फेरे मारून तो साफ व्हायला वेळच मिळत नाही.

'२० एचपी वाढतात असं लिहिलंय की!'

कुठल्या गाडीवर, ट्यूनसह की ट्यूनशिवाय, आधीचं आणि नंतरचं मोजमाप त्याच मशिनवर त्याच दिवशी केलं का, हे विचारा. डायनोचं मशीन बदललं, हवामान बदललं, इंजिन आधीच तापलेलं होतं, एवढ्यानेही आकडा हलतो. ट्यूनशिवाय कॅट-बॅकने मोठा आकडा दाखवणाऱ्याकडे आलेखाच्या दोन्ही रेषा मागा, फक्त शिखर बघू नका, दोन-अडीच हजार आरपीएमला काय झालंय ते बघा कारण गाडी आपण तिथेच चालवतो.

बसवून घेताना

टर्बोच्या पुढे गळती असेल तर बूस्ट पडतो, मागे सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाऊन सेन्सर चुकीचं वाचतो आणि ईसीयू उगीच इंधन वाढवतो, आणि केबिनखाली गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, त्याला वास नसतो. त्यामुळे गास्केट नवीन वापरा, जुनं पुन्हा चालवू नका. टिप बंपरच्या बाहेर आलेली असावी. डाउनपाइपभोवती वायरी, ब्रेकची नळी, स्टिअरिंगचं रबर यातलं काही जवळ असेल तर कंपनीची उष्णतारोधक पत्र्याची ढाल परत बसवून घ्या, बरेच मेकॅनिक ती काढून कोपऱ्यात ठेवतात आणि विसरतात. कापडी रॅप गुंडाळला तर बोनेटखालची उष्णता कमी होते हे खरं, पण तो ओलावा धरून ठेवतो आणि आतून स्टील खातो, सिरॅमिक कोटिंग महाग पण जास्त बरं.

वॉरंटी आणि विम्याचं आधी विचारून घ्या, लेखी घ्या, आणि आवाजाची तपासणी तुमच्याकडे कशी होते तेही बघा. पहिल्या काही फेऱ्यांत पाइप तापून थंड होताना जागा धरतो, तेव्हा आठवड्याभराने गाडी परत वर उचलून सगळे क्लॅम्प आणि नट थंड असताना आवळून घ्या. आणि काढलेला मूळ एक्झॉस्ट भंगारात देऊ नका, गास्केट-नटांसकट बांधून ठेवा, गाडी विकताना किंवा तपासणीच्या वेळी तो लागतोच.